विझवलेली हवा

"ओढा काडी, काकू. बिनधास्त ओढा," टाय लावलेला विक्रेता म्हणाला आणि त्याने मंदाकिनीबाईंच्या हातात काडेपेटी ठेवली.

बेसा रोडवरच्या 'निर्ज्वाल हाइट्स'चा तो नमुन्याचा फ्लॅट होता. मंदाकिनी ठवकरांनी काडी ओढली. टोकाचा गूल फुर्रकन भडकला आणि तिथेच संपला. लाकडाने आग धरलीच नाही. त्यांनी दुसरी ओढली, तिसरी ओढली. जळता गूल पडद्याला टेकवला, गादीच्या कोपऱ्याला टेकवला, तरी दोन्हीपैकी काही पेट घेईना. मुलगा सारंग मागे उभा राहून आईची गंमत बघत होता. सून पूर्वा भिंतीला टेकली होती. लिफ्टने वर येऊनही तिला दम लागला होता. मंदाकिनीबाईंनी ते पाहिलं आणि नजर पुन्हा काडेपेटीकडे वळवली. पाहून न पाहिल्यासारखं करण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. पुढे अंगवळणी पडलं.

"हेच घर," त्या म्हणाल्या. "मले हेच घर पाह्यजे, सारंग."

या बाईला हसण्याआधी एक गोष्ट ऐकून घ्या. काही वर्षांपूर्वी मानेवाड्याच्या जुन्या घरात त्यांची मुलगी ऋतुजा परीक्षा संपली म्हणून एसी लावून सकाळी उशिरापर्यंत झोपली होती. मंदाकिनीबाई शेजारणीच्या गच्चीवर कुरड्या घालत होत्या. एसीची वायर तापली, पडदा पेटला, गादीतला फोम पेटला. गच्चीवरून धूर दिसला तेव्हा सोऱ्यात अर्धा चीक शिल्लक होता. पोरीला ओळखायला सारंगला नेलं होतं. आईला कोणी जाऊ दिलं नाही. तेव्हापासून कुठेही कुकरची शिट्टी वाजली, तरी मंदाकिनीबाई आधी दाराकडे बघत. नवरा तर ऋतुजा शाळेत असतानाच गेला होता. उरला होता एकटा सारंग.

निर्ज्वालची करामत तशी साधी होती. आग आणि माणूस दोघंही हवेतल्या प्राणवायूवर जगतात, पण दोघांची भूक वेगळी. आगीला लागतो तो प्राणवायूचा वाटा. साध्या हवेत तो शंभरात एकवीस असतो. तो सोळाच्या आसपास आणला की उरलेला नायट्रोजन ज्वालेची उष्णता पिऊन टाकतो आणि लाकूड, कापड, वायरीचं वेष्टण पेट घेत नाही. माणसाच्या फुप्फुसाला वाट्याशी देणंघेणं नसतं, त्याला लागतो प्राणवायूचा पुरेसा दाब. हिमालयातल्या उंच गावांत माणसं एवढ्याच दाबावर पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. तिथे चुली मात्र पेटतात, कारण हवा विरळ असली तरी वाटा एकवीसचाच राहतो. निर्ज्वालच्या गच्चीवरची यंत्रं नागपूरची हवा चाळणीसारख्या बारीक पडद्यांतून गाळायची, त्यातला थोडा प्राणवायू काढून टाकायची आणि उरलेली हवा नळांनी घराघरांत सोडायची. पहिले काही दिवस डोकं दुखायचं, मग शरीर जास्तीच्या लाल पेशी करून सावरायचं. उन्हाळ्यात गावोगावी फ्लॅट पेटायला लागल्यापासून अशा इमारतींना लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. 'विझवलेली हवा' हे नाव रहिवाशांनीच दिलेलं. पाहुण्यांना तिथे दम लागायचा आणि ते लवकर निघायचे, हाही एक फायदाच, असं काही सुना म्हणत.

अट एकच होती. राहणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासून घ्यायचं. हृदयरोगी नको, दमेकरी नको, आणि विदर्भात जो घरोघरी लपवला जातो तो रक्ताचा आजार, सिकलसेल, तर नकोच नको.

आणि पूर्वाला सिकलसेल होता.

हे मंदाकिनीबाईंना माहीत होतं. साकोलीच्या एका लग्नात त्यांनी पूर्वाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मान मागे टाकून हसत होती, थेट ऋतुजासारखी. त्याच आठवड्यात त्या मागणी घालायला गेल्या. मुलीची आई वंदनाबाई सरळ बाई. तिने मंदाकिनीबाईंना मागच्या अंगणात नेलं आणि जे लोक लपवतात ते सांगून टाकलं. "ताई, पोरीले सिकल हाये. गोळ्या चालू हायेत, लहानपणी दोनदा भरती केली होती, आता बरी असते. जावयाच्या कानावर घालजा. मागून बोल नको."

"सांगतो मी त्याले," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा तसा इरादाही होता. पण सारंग नाही म्हणेल, ही हसणारी पोरगी हातची जाईल, या भीतीने आज-उद्या करता करता अक्षता पडल्या. पूर्वाला वाटत होतं नवऱ्याला ठाऊक आहे. नाही, हे कळलं तेव्हा ती सासूकडे रडत आली. "आता सांगशील तं त्याले वाटन दोघींनी मिळून फसवलं," मंदाकिनीबाईंनी तिला जवळ घेऊन समजावलं. "मी हाओ ना." तेव्हापासून सारंगपुरत्या पूर्वाच्या गोळ्या रक्तवाढीच्या झाल्या.

तपासणीचा संच कुरियरने घरी आला. बोट टोचायचं, कागदावर थेंब टेकवायचा आणि पाठवून द्यायचा. सारंग कामावर गेल्यावर दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या.

"आई, नको," पूर्वा म्हणाली. "आपण दुसरं घर पाहू. साधं, खालच्या मजल्यावरचं. मी रोज सगळ्या वायरी पाहत जाईन."

"ऋतूच्याही खोलीतल्या वायरी पाह्यल्या होत्या मी."

मंदाकिनीबाईंनी उजव्या हाताचं बोट टोचलं आणि स्वतःच्या कागदावर टेकवलं. मग डाव्या हाताचं टोचलं आणि सुनेच्या कागदावर टेकवलं. उजव्या हाताचं रक्त सासूचं झालं, डाव्याचं सुनेचं. बोट चोखत त्या हसल्या. "घे. आता तं तू खरंच माह्या रक्ताची झाली."

पूर्वाही हसली, आणि सासूचं बोट पदराने पुसून दिलं. तिला ही बाई आवडायची. हीच तर तिची गोची होती.

नव्या घरात पहिले काही महिने बरे गेले, म्हणजे मंदाकिनीबाईंचे. त्या गाढ झोपू लागल्या. स्वयंपाक झाला की गॅस बंद केला का, हे बघायला दहादा उठावं लागेना, गॅसच नव्हता. इमारतीतले लोक तर इतके निर्धास्त झाले की वायरी लोंबत ठेवू लागले, चार्जर उशीखाली घेऊन झोपू लागले. जे पेटणारच नाही त्याची कोण काळजी करतो?

पूर्वाचं मात्र आतून बिघडत होतं. सिकलच्या लाल पेशी प्राणवायू भरपूर असला की नीट गोल असतात. तो कमी पडला की वाकतात आणि विळ्यासारख्या होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या एकमेकींत अडकून बसतात आणि त्यापुढचं मांस, हाड रक्तावाचून तडफडतं. बाहेरून काहीच दिसत नाही, आतून कोणी हाड पिळतंय असं वाटतं. पूर्वाच्या मांड्या दुखत, पाठ दुखे, बोटं सुजत. सारंगला ती म्हणे, "अंग दुखून राहिलं जरा." सारंग बुटीबोरीच्या कारखान्यातून थकून येई. तो म्हणे, "आईकडून चोळून घे."

आणि आई चोळून देई. खरंच देई. तासन्‌तास देई. तीळतेल कोमट करून पोटऱ्या चोळायच्या, गरम पाण्याची पिशवी ठेवायची, लिंबूपाणी पाजायचं, केसांतून हात फिरवायचा. स्वतःच्या आईनेही केलं नसतं इतकं करून त्या उठत आणि खिडक्यांच्या चौकटीचं रबर कुठे सैल तर पडलं नाही ना, ते बघून येत.

पूर्वाने एक उपाय शोधला होता. दुपारी ती लिफ्टने पार्किंगमध्ये जाऊन बसे. तिथे बाहेरची हवा होती. भट्टीसारखी, पण पुरी. तासाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग परते. मग बायका कुजबुजू लागल्या की ठवकरांची सून दिवसभर वॉचमनच्या खुर्चीजवळ काय करते. मंदाकिनीबाईंच्या कानावर ते आलं.

"खाली बसणं बंद कर," त्या म्हणाल्या. "लोक इचारतीन. उद्या कोणी म्हटलं, हिचं रक्त पुन्हा तपासा, तं?"

"तपासू द्या ना, आई. काढतीन घरातून. जाऊ."

"तू जाशील माय. मी कुठं जाऊ?"

पूर्वाने पार्किंगमध्ये बसणं बंद केलं.

मे महिन्यात सोसायटीची सभा भरली. शहरात दुसऱ्या एका अशाच इमारतीत जुन्या सोफ्याचा फोम धुमसला होता. ज्वाला नव्हती, पण धूर झाला, एक म्हातारा गुदमरला. निर्ज्वालचे अध्यक्ष घाटेसाहेब निवृत्त अभियंता होते आणि सभेत बोलायला मिळालं की त्यांना विशेष आनंद होई. त्यांनी ठराव मांडला, की हवेतला वाटा सोळावरून साडेचौदावर आणावा. निरोगी माणसाला फारसा फरक पडणार नाही, जरा जास्त उंचीच्या गावात राहायला गेल्यासारखं होईल, आणि फोम काय, गवताची गंजीसुद्धा धुमसणार नाही. नियमाप्रमाणे एकमत लागेल. एका जरी घराचा हात खाली राहिला, तर ठराव बारगळेल आणि आकडा आहे तिथेच राहील.

"कोणाच्या घरी काही अडचण असेल तर आताच सांगा," घाटेसाहेब म्हणाले. "कारण नाही सांगितलं तरी चालेल. नुसता हात खाली ठेवा."

इतकं सोपं होतं ते. कारणही द्यायचं नव्हतं.

सभागृहात एकेक हात वर जाऊ लागला. सारंग दुसऱ्या पाळीला होता. घर मंदाकिनीबाईंच्या नावावर, मत त्यांचंच. शेजारी बसलेल्या पूर्वाने ओढणीखाली सासूचं मनगट धरलं. जोर नव्हता त्या पकडीत, बोटं सुजलेली होती. मान वर न करता तिने ते नुसतं धरून ठेवलं.

मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांपुढे धुमसणारा सोफा आला. मग सोफा गेला आणि ऋतुजाची गादी आली. आता सगळे हात वर होते आणि घाटेसाहेब चष्म्यावरून त्यांच्याकडेच बघत होते, कारण ऋतुजाचं सगळ्यांना ठाऊक होतं आणि वाटत होतं की पहिला हात याच बाईचा जाईल. मंदाकिनीबाईंनी सुनेची बोटं एकेक करून हळुवार सोडवली, जपून, दुखू नये म्हणून, आणि हात वर केला.

टाळ्या झाल्या. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका बाईने तर मंदाकिनीबाईंना मिठी मारली.

आकडा खाली आला आणि त्याच आठवड्यात एका दुपारी पूर्वाच्या छातीत कळ आली. हा त्रास वेगळा आहे हे तिला लगेच समजलं. लहानपणी भरती केलं होतं ते यासाठीच. वाकलेल्या पेशी आता फुप्फुसातच अडकल्या होत्या. फुप्फुस जितकं कमी चालेल तितका प्राणवायू कमी, आणि प्राणवायू जितका कमी तितक्या पेशी जास्त वाकणार.

"आई, खिडकी," ती म्हणाली.

निर्ज्वालच्या खिडक्या उघडत होत्या. लाल दांडा खाली ओढला की उघडत. पण मग मजल्याचा भोंगा वाजे, गार्ड वर येई, कोणी उघडली, का उघडली, याची विचारपूस होई. मंदाकिनीबाई खिडकीपाशी गेल्या. दांड्यावर त्यांनी हात ठेवला. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. गार्ड येईल, डॉक्टर येईल, रक्त तपासतील. सारंगला कळेल की बायकोला सिकल होता, आईला ठाऊक होता, आणि आईने बोट टोचून दुसरंच रक्त लावलं. घर जाईल. घराचं काय, पण सारंग जाईल. तो आधीच कमी बोलायचा. मग बोलणारच नाही. उरलेलं एकुलतं एक मूल.

त्यांनी दांडा सोडला आणि फोन घेतला. "सारंग, पूर्वाले बरं नाही वाटून राह्यलं. तू ये, मंग आपण तिले गाडीनं नेऊ. हो, येऊन जा. गाडी पाहून चालव बापा."

"आई, मला खाली तरी न्या," पूर्वा पलंगावरून म्हणाली. "पार्किंगमध्ये. नुसतं खाली."

"आता सारंग येते बेटा. निघाला तो. एवढ्या दुपारी लोकांपुढं तमाशा कायले?"

त्यांनी तिच्या पाठीला उशा लावल्या. तिला वारा घातला. तीच हवा पुन्हा पुन्हा तिच्या तोंडावर घातली. पूर्वा उठली, दोन पावलं खिडकीकडे गेली आणि गुडघ्यांवर बसली. मंदाकिनीबाईंनी तिला धरून, समजावून, परत पलंगावर आणलं. तिच्यात झटापट करायची ताकद नव्हती. ओठांचा रंग जांभळा होत चालला होता. ती सासूकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. ही बाई आता उठेल आणि दांडा ओढेल, अशी वाट होती फक्त. मंदाकिनीबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, थोपटत राहिल्या, आणि दाराकडे कान लावून बसल्या.

सारंग आला तेव्हा पूर्वाचा श्वास थांबत-थांबत चालला होता. त्याने तिला उचललं आणि तो धावत सुटला. दवाखान्याच्या दारात तिने एक मोठा श्वास घेतला, भरपूर हवेचा. त्यानंतर घेतलाच नाही.

संध्याकाळी तरुण डॉक्टरीणबाईंनी सारंगला बाजूला बोलावलं. "सिकलसेल होता त्यांना. पक्का. तुम्हाला माहीत नव्हतं? आणि तुम्ही विझवलेल्या हवेत राहता?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

लेक दवाखान्यात आहे एवढाच निरोप मिळून साकोलीहून वंदनाबाई तेव्हाच पोचली होती. पिशवीत लेकीसाठी मोहाच्या भाकरी तशाच. सारंग तिच्या अंगावर धावून गेला. "तुम्ही मारलं तिला! लपवलं तुम्ही! एक शब्द सांगितला असता तर मी तिला त्या घरात पाऊल ठेवू दिलं असतं का?"

वंदनाबाईला आधी काही उमगेना. मग ती मंदाकिनीबाईंकडे वळली. "लपवलं नाही जी मी. ताई, सांगा ना त्याईले. आमच्या मागच्या अंगणात, मागणी घालाले आल्या तवा. तुम्ही म्हणाल्या, मी सांगतो."

सारंगने आईकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते आणि त्यांत अजून काही ठरलेलं नव्हतं. एका शब्दाने ते कुठेही वळले असते. मंदाकिनीबाईंना दिसलं, की खरं बोललं तर हा मुलगा आज रडेल, उद्या पोलिसात जाईल, आणि परवापासून जगात आपल्याला आई म्हणणारं कोणी नसेल. विचार करायला फार वेळ लागला नाही. लागायला हवा होता.

"मले कोणी काही नाही सांगितलं, सारंग," त्या म्हणाल्या. "पोरगी मले रक्तवाढीच्या गोळ्या म्हणून सांगे. आपल्याले फसवलं बापा यायनं."

आणि त्या रडू लागल्या. ते रडणं खरं होतं. पूर्वासाठीच होतं.

सारंगने आईला मिठीत घेतलं. तिच्या डोक्यावरून तो वंदनाबाईला म्हणाला, "जा इथून. दहाव्याला येऊ नका, तेरवीला येऊ नका. तुमचं तोंड पाहायचं नाही मला." मग कागदपत्रांवर सह्या करायला तो आत गेला.

बाकावर दोघी आयाच राहिल्या. वंदनाबाई ओरडेल, झिंज्या धरेल, अशी मंदाकिनीबाईंनी तयारी केली होती. पण ती जवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ते जाऊ द्या, ताई. पोरगीच गेली, आता मी खरी काय न्‌ खोटी काय. एकच सांगा. तुम्ही होत्या ना तिच्यापाशी? लय त्रास झाला का तिले?"

"नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "माह्या मांडीवर झोपली होती. झोपेतच गेली."

वंदनाबाईने पदर तोंडाशी धरला. मग वाकून तिने मंदाकिनीबाईंच्या पायांना हात लावला.

"लय उपकार झाले," ती म्हणाली. "एकटी नव्हती माही पोर."